आपल्या वस्तीचे हायस्कूल : नववीच्या पहिल्या तुकडीच्या पालकांचे प्रश्न

नागपूरच्या बेसा रस्त्याच्या आतल्या बाजूला वाढलेल्या आमच्या ले-आउटांमधील आठवीपर्यंतच्या शाळेला नववी आणि दहावीची परवानगी मिळाल्याची बातमी पसरल्यापासून शाळेच्या फाटकाशी, किराणा दुकानात आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्या मंडळींत तेच तेच प्रश्न विचारले जात आहेत. या मागणीचा पाठपुरावा करणाऱ्या आम्हा काही पालकांना त्यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून मिळाली. ती येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे सुखावह नाहीत, तरीही ती प्रवेशाआधी कळलेली बरी.

आठवीपर्यंतची शाळा होतीच, मग हायस्कूलसाठी एवढा आटापिटा कशासाठी?

कारण कायद्याचा हात आठवीला सुटतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयोगटासाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतर ठरवून दिलेले आहे. नववीसाठी असे हक्काचे अंतर नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे उद्दिष्ट होते आणि ते अभियान २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत सामावले गेले. परंतु योजनेचे उद्दिष्ट आणि कायद्याचा हक्क यांत फरक असतो, आणि तो नववीच्या मुलाला रोज सकाळी रस्त्यावर जाणवतो.

आमच्याकडची मुले आजवर मानेवाडा चौक ओलांडून तुकडोजी पुतळा, हनुमाननगर, सक्करदरा या भागांतील शाळांत जात आली आहेत. ऑटोच्या मागच्या बाजूला दोरीने बांधलेली दप्तरे, समोर चालकाच्या दोन्ही बाजूंना टेकलेली दोन मुले आणि रिंग रोडवर शेजारून जाणारे ट्रक हे दृश्य ज्यांनी रोज पाहिले आहे, त्यांना नकाशावरचे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात काही अर्थ नाही. दोन पाळ्यांच्या शाळेत दुपारची पाळी मिळाली की हिवाळ्यात मूल अंधारातच घरी पोहोचते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. आठवीच्या निकालाच्या दिवशी एका वडिलांनी आमच्यासमोर शांतपणे सांगितले होते, ‘आता घरीच अभ्यास करेल, सतरा नंबरचा फॉर्म भरू.’ शाळा सुटलेल्या, काम करणाऱ्या माणसाला शाळेत न जाता, बाहेरून परीक्षा देऊन दहावी होता यावे यासाठी सतरा नंबरचा अर्ज ही फार मोलाची सोय आहे. मात्र चौदा वर्षांच्या हुशार मुलीच्या हाती तो केवळ अंतरामुळे येत असेल, तर तिच्यासाठी तो शाळेबाहेर जाण्याचा दरवाजा ठरतो.

मग इतकी वर्षे का लागली?

याचे एक कारण आपल्या वस्त्या ज्या पद्धतीने वसल्या त्यात आहे. शेतजमिनीचे तुकडे पाडून ले-आउट टाकले गेले, प्लॉट विकले गेले, घरे आधी उभी राहिली आणि मंजुरी मागाहून आली. नागपुरात अनधिकृत ले-आउटांच्या नियमितीकरणातले ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आउट हे आकडे उच्चारले की जुन्या प्लॉटधारकाला पुढचे काही सांगावे लागत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नियमितीकरणाचा मार्ग खुला झाला आणि नागपूर सुधार प्रन्यासाचे आरएल पत्र, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, मिळवणे हेच अनेक कुटुंबांचे पहिले काम होऊन बसले. त्यानंतर रस्ता, नळाची लाईन, गडर लाईन, पथदिवे अशी रांग लागली आणि त्या रांगेत शाळा शेवटी उभी राहिली.

दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. सरकारी दप्तरात मुलांची नोंद शाळेच्या पटावर होते. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी संगणकीय नोंदीत, माहिती भरते ती शाळा. आपली मुले शहरातील वीस शाळांत विखुरलेली असल्याने ती त्या वीस शाळांच्या पटावर दिसत होती, आणि आपल्या वस्तीला हायस्कूलची गरज आहे हे एकाही कागदावर दिसत नव्हते. म्हणून दोन उन्हाळ्यांत घरोघर जाऊन आम्ही मुलांची यादी केली. तिच्यात नाव, इयत्ता, शाळा आणि जाण्याचे साधन एवढेच चार रकाने होते. पुढच्या प्रत्येक बैठकीत टेबलावर आधी ती वही ठेवली जाई.

शाळेसाठी राखीव भूखंड होता म्हणतात. त्याचे काय झाले?

विकास आराखड्यात आरक्षण पडले म्हणजे जागा आपोआप सार्वजनिक होत नाही. ती संपादित करावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, जी आता चोवीस महिन्यांची आहे, संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. ज्या वस्तीला राखीव भूखंडावर लावलेला फलक म्हणजेच शाळा असे वाटत असेल, तिने हे कलम एकदा जरूर वाचावे. आपले हायस्कूल त्या भूखंडावर होत नसून सध्याच्या शाळेच्या इमारतीतच होत आहे.

ही शाळा सरकारी आहे की खाजगी?

खाजगी आहे. महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ या कायद्याखाली सध्याच्या शाळेची दर्जावाढ होऊन ही परवानगी मिळाली आहे. नव्या खाजगी शाळांना आता परवानगी मिळते ती याच मार्गाने, आणि नावातच सांगितल्याप्रमाणे शासनाचे अनुदान तिला मिळत नाही. शिक्षकांचे पगार, वीजबिल, प्रयोगशाळेतील काचसामान हे सारे फीमधून आणि संस्थेच्या निधीतून भागवायचे असते. आमची मूळ मागणी महापालिकेच्या किंवा अनुदानित हायस्कूलची होती, हे येथे नमूद करायला हवे. ती मागणी आम्ही मागे घेतलेली नाही. हाती जे आले ते स्वीकारले आहे, इतकेच.

फी किती आणि ती कोण ठरवणार?

पहिल्या वर्षीची फी शाळेच्या सूचना फलकावर लावलेली आहे. तिचा फोटो काढून ठेवावा. यापुढची वाढ मात्र संस्थेच्या मर्जीवर सोडलेली नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे, इच्छुक पालकांमधून सोडतीने कार्यकारी समिती निवडणे आणि पुढील वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी त्या समितीपुढे ठेवणे, ही त्यातील ठळक पावले आहेत. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते.

या समितीत नाव देण्यास पालक सहसा कचरतात. ‘मुलावर राग काढतील’ ही भीती आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली. निवड सोडतीने होण्याचा फायदा येथेच आहे : चिठ्ठी निघाली म्हणून तुम्ही समितीत आहात, तुम्ही भांडायला आलेला नाहीत.

माझा मुलगा शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांतून मोफत शिकत होता. नववीत काय?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. उत्तर असे की, शिक्षण हक्क कायद्याखालील मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे आणि नववीपासून त्या मुलालाही इतरांइतकीच फी लागू होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून वगळले होते आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, हे अनेकांना आठवत असेल. तो वाद मात्र शाळेत शिरण्याच्या दाराचा होता. आठवीनंतर बाहेर पडण्याच्या दाराबद्दल त्यात काही नव्हते.

धुणीभांडी करून घर चालवणारी एक आई पहिलीपासूनचे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे आली होती. सोडतीत नाव आल्याचा मोबाईलवरचा संदेशही तिने छापून ठेवला होता. ‘आठ वर्षं हीच शाळा त्याची होती ना?’ एवढेच तिने विचारले. संस्थेकडे आम्ही अशा मुलांसाठी फी-सवलतीची लेखी मागणी केली आहे. ती सवलत मिळाली तर संस्थेचा निर्णय म्हणून मिळेल, हक्क म्हणून मिळणार नाही, हे लक्षात घेऊन त्या पालकांनी जवळच्या महापालिका किंवा अनुदानित हायस्कूलमध्येही अर्ज करून ठेवावा. मुलींच्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. तेव्हा घराजवळची फी की दूरची मोफत शाळा, हा हिशेब प्रत्येक घराला स्वतःच करावा लागेल.

मुलगी एनएमएमएस शिष्यवृत्तीला पात्र ठरली आहे. या शाळेत घालू का?

घालू नका. आमच्या पटसंख्येचा तोटा झाला तरी चालेल. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थ्यांसाठीची ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपयांची आहे आणि ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळांत शिकणाऱ्यांसाठी आहे. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेत नववीला प्रवेश घेतल्यास ती हातची जाते. चार वर्षांचे ४८,००० रुपये ही लहान रक्कम नाही.

माध्यम कोणते आणि विषय कोणते?

माध्यम मराठी असून गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून घेता येतील, म्हणजे आपण ज्याला सेमी-इंग्रजी म्हणतो ती सोय आहे. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा आहे. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे सहा विषय मिळून ६०० गुण असतात. आठवीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकलेल्या मुलाला नववीत एकदम सेमीमध्ये टाकण्याचा मोह पालकांना फार होतो. गणिताची चिन्हे तीच राहतात, पण विज्ञानातील व्याख्या आणि कारणे लिहिताना वाक्ये अडतात, आणि नववीचे पहिले सहा महिने त्यातच जातात. मूल स्वतः मागत नसेल तर हा प्रयोग टाळलेला बरा.

दहावीची परीक्षा याच शाळेच्या नावाने देता येईल का?

या वर्षी फक्त नववी सुरू होईल. दहावी पुढच्या वर्षी. शासनाची परवानगी आणि मंडळाची मान्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नागपूर विभागीय मंडळाच्या अखत्यारीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात आणि तेथून शाळेला सांकेतांक मिळाल्याशिवाय दहावीचे आवेदनपत्र शाळेच्या नावाने भरता येत नाही. हा सांकेतांक पहिल्या तुकडीची नववी संपण्याआधी हाती यावा, यासाठी पालकांनी मुख्याध्यापकांना दर महिन्याला नम्रपणे विचारत राहावे. शहरातल्या आमच्या एका परिचितांच्या मुलीच्या वेळी, नव्याने सुरू झालेल्या एका शाळेत हे काम लांबले आणि मुलांचे अर्ज ऐनवेळी दुसऱ्याच शाळेतून भरावे लागले. नुकसान झाले नाही, पण दिवाळीची सुट्टी सगळ्या घरांनी काळजीत काढली.

परीक्षेचे केंद्र स्वतःच्या शाळेत असेलच असे नाही, आणि नव्या शाळेत सुरुवातीला तशी अपेक्षाही ठेवू नये. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ टक्के आणि टक्केवारीसाठी सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय, ही पद्धत सर्वांना सारखीच आहे.

चित्रकलेकडे मात्र आताच लक्ष द्यावे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतील अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण दहावीत मिळतात. त्याआधी एलिमेंटरी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, म्हणून आमच्या मागण्यांच्या यादीत चित्रकला शिक्षक फार वर आहेत. काही पालकांना याचे हसू आले होते.

प्रवेशासाठी कोणते कागद लागतील?

शाळा सोडल्याचा दाखला, आठवीचे प्रगतिपत्रक, आधार आणि, लागू असल्यास, जातीचा दाखला. मूल याच शाळेत आठवी झाले असेल तर दाखल्याचा प्रश्न येत नाही. बाहेरून येणाऱ्यांनी मात्र कागदी दाखला मिळाला म्हणजे काम झाले असे समजू नये. जुन्या शाळेने यू-डायस प्लसवर मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकले तरच नवी शाळा त्याला आपल्या पटावर घेऊ शकते. हे काम संगणकावर काही मिनिटांत होते, पण पालकांनी आठवण करून दिली नाही तर ते महिनोन्‌महिने राहते.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा सुरू झाली आहे. ज्यांची पुनर्परीक्षा आहे त्यांनी निकालाची वाट पाहून मगच जुन्या शाळेचा दाखला काढावा.

दाखला हातात आला की तेथेच, खिडकीपाशी उभे राहून, मुलाचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर वाचावी. आमच्या शेजारच्या मुलाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावातील एक वेलांटी चुकली होती आणि तीच चूक जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतून, पुढे सगळीकडे गेली. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव छापून आल्यानंतर दुरुस्तीसाठी जितके हेलपाटे पडतात, त्याच्या तुलनेत नववीत एक अर्ज देणे काहीच नाही.

दुसऱ्या शाळेत नववी झालेल्या मुलाला दहावीत येथे आणता येईल का?

या वर्षी येणार नाही, कारण दहावीचा वर्गच नाही. पुढच्या वर्षीही दहावीत शाळा बदलू नये असेच आमचे मत आहे.

प्रयोगशाळा, मैदान, ग्रंथालय यांची स्थिती काय आहे?

प्रयोगशाळेची खोली तयार आहे. ओट्यावरच्या फरशीला अजून सिमेंटचा वास आहे, नळाला पाणी आहे, आणि काचेच्या कपाटात परीक्षानळ्यांचे स्टँड, दोन स्पिरिटचे दिवे व तराजू एवढे सामान लागलेले आम्ही पाहिले. विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, त्यामुळे या कपाटातल्या वस्तूंची संख्या हा शोभेचा विषय नाही. सूक्ष्मदर्शक आहे, पण एकच. नववीच्या तुकडीला तो पुरणार नाही, हे संस्थेला लेखी कळवले आहे.

ग्रंथालय म्हणून सध्या कार्यालयातील दोन कपाटे आहेत. मैदान आहे, मात्र पावसाळ्यात त्याच्या दक्षिणेकडील कोपऱ्यात पाणी साचते आणि भर टाकण्याचे काम बाकी आहे. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह पूर्ण झाले आहे. आम्ही आत जाऊन कडी आणि पाणी दोन्ही तपासले.

शिक्षक कोण असतील?

माध्यमिक वर्गांसाठी विषयातील पदवी आणि बी.एड. आवश्यक आहे. अनुदानित शाळांतील भरती शासनाच्या पवित्र पोर्टलमार्फत होते, येथे ती संस्था करेल. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा अनुदान नसलेल्या मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे, तेव्हा ‘विनाअनुदानित म्हणजे शिक्षक केव्हाही काढता येतो’ हा समज चुकीचा आहे. पालकांनी शिक्षकांची नावे विचारण्याऐवजी वर्षाच्या मध्यावर एक प्रश्न विचारावा : जूनमध्ये जे गणित शिकवत होते, तेच आताही शिकवत आहेत का? नव्या शाळांचे आरोग्य तेथे कळते.

शाळा केव्हा सुरू होईल आणि मुले कशी जातील?

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर भागांच्या नंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात; तोच नियम येथे. उन्हाळ्यात वर्ग सकाळी भरतील. बहुतेक मुले पायी किंवा सायकलने येतील, आणि त्यासाठीच तर हे सारे केले. सायकलस्टँडला पत्र्याचे छप्पर लागले आहे. लांबून व्हॅनने येणाऱ्यांसाठी, राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असणे आवश्यक आहे. फाटकासमोरच्या रस्त्यावर गतिरोधक मागितला आहे. तो येईपर्यंत शाळा सुटण्याच्या वेळी दोन पालक आळीपाळीने तेथे उभे राहतील.

अकरावी-बारावीही सुरू होणार का?

आज तरी नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाईन झाले आहेत, त्यामुळे दहावी कोणत्या शाळेतून केली यावर प्रवेश अडत नाही. ज्या शाळांना स्वतःचे कनिष्ठ महाविद्यालय आहे त्यांच्या विद्यार्थ्यांना दहा टक्के इनहाऊस जागांचा, म्हणजे त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागांचा, लाभ मिळतो. तो आपल्या मुलांना मिळणार नाही.

खरे सांगा, पहिल्या तुकडीत मुलाला घालावे का?

ज्यांचे मूल सध्याच्या शाळेत रुळलेले आहे, ज्यांना शिष्यवृत्तीचे किंवा मोफत शिक्षणाचे नुकसान होणार नाही आणि ज्यांची तयारी थोडी गैरसोय सोसण्याची आहे, त्यांनी जरूर घालावे. पहिल्या तुकडीला वरचा वर्ग नसतो. जुन्या वह्या मागायला कोणी नसते, दहावीचा निकाल दाखवायला नसतो आणि शिक्षकही एकमेकांना नवे असतात. त्या बदल्यात तुकडी लहान असते, शिक्षकाला प्रत्येक मुलाचे नाव पहिल्या आठवड्यात पाठ होते आणि रोजचे दोन तास रस्त्यावर जात नाहीत.

अनुदान नसलेल्या शाळेत पट म्हणजेच पैसा, आणि पट टिकला तरच दुसरा सूक्ष्मदर्शक आणि पूर्णवेळ चित्रकला शिक्षक येतात. पण केवळ शाळा जगावी म्हणून कोणी आपल्या मुलाचे नुकसान करून घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. कोणाचा निर्णय होत नसेल तर त्यांनी मुलाला घेऊन एकदा सकाळी दहा वाजता शाळेत यावे, वर्गात बसावे आणि मुख्याध्यापकांना मंडळाच्या सांकेतांकाबद्दल विचारावे.

मूल अजून पाचवीत आहे. आतापासून काही करायचे आहे का?

घरोघर फिरलेली ती वही अजून चालू आहे. तिच्यात मुलाचे नाव नसेल तर लिहून जावे; पुढच्या वर्षी नववीच्या दुसऱ्या तुकडीची मागणी तिच्याच आधारे करायची आहे. वही शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात ठेवलेली असते, सोबत दोरीने बांधलेला पेनही आहे.